खुंट्याला बांधलेले तास

“चालू दे, चालू दे. तास भरतायत,” असं म्हणत आप्पा इंजिनाच्या झाकणावर हात ठेवायचे. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, पालथा. थोडा वेळ डोळे मिटून ऐकायचे आणि समाधान झालं की सीटवर ताठ बसायचे. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, पायात बूट, समोर बोटीचं चाक. इंजिन फटफटतंय, मागे पाण्यात बुडबुडे येतायत आणि बोट मात्र जागच्या जागी. कारण तिचं नाक दोरखंडाने काठावरच्या करंजाला बांधलेलं असायचं आणि शेपूट एका खुंट्याला. तो खुंटा पूर्वी म्हशीचा होता.

दर रविवारी सकाळी हा सोहळा व्हायचा. तास भरला की आप्पा इंजिन बंद करायचे, फडक्याने चाक पुसायचे आणि पाण्याचा थेंबही अंगावर न घेता काठावर उतरायचे. घरी जाताना चेहरा असा, की माणूस अलिबागला जाऊन आलाय.

आप्पांचं खरं नाव मी सांगत नाही. त्यांचा मुलगा आज चांगल्या हुद्द्यावर आहे आणि बापाची थट्टा छापून आलेली कुठल्या मुलाला आवडेल? शिवाय वस्तीत त्यांना नावाने हाक मारणारी एकच व्यक्ती होती, त्यांची आई. आम्हा बाकीच्यांचे ते आप्पा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नवा कपडा पेटीत ठेवून त्याला वर्षातून एकदा ऊन दाखवणारी. फक्त तुमच्या माणसाकडे बोट नसेल.

आता तुम्ही विचाराल, खालापुरात, भातखाचरांच्या मुलखात, बोट कुठून आली? आमचं गाव पाताळगंगेच्या काठी, खालापूर आणि रसायनीच्या मधे. खोपोलीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी आमच्या नदीत येतं. त्यामुळे होळीनंतर इतर नद्या नुसते गोटे दाखवायला लागल्या तरी आमची वाहत असते. सत्तर सालाच्या आगेमागे पलीकडच्या काठावर एक कारखाना आला, त्याने बंधारा घातला आणि बंधाऱ्यामागे आमच्या गावाला लागून लांबलचक डोह झाला. कारखान्याची यंत्रं बसवायला एक गोरा साहेब आला. साहेबासाठी गेस्ट हाऊस बांधलं, गेस्ट हाऊसला स्वयंपाकी हवा होता, आणि तो स्वयंपाकी म्हणजे आप्पा.

आमची वस्ती बौद्धांची. छप्पन सालानंतर आमच्या माणसांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, घरातले देव नदीत सोडले, पोरांना शाळेत घातलं. पण आमच्या हातचं खायचं म्हटलं की गावातल्या माणसांना नेमका तेव्हाच उपास आठवायचा. साहेबाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला आप्पांच्या हातचा रस्सा आणि तांदळाची भाकरी आवडली, तो बोटं चाटून जेवला. मग हळूहळू आपले देशी साहेबही त्या टेबलावर यायला लागले. आप्पा म्हणायचे, “गोऱ्यानं वाट पाडली रं, मंग बाकीची मेंढरं आली.”

साहेबाने मुंबईहून ट्रकवर घालून एक बोट आणली. लहानशी, पांढरी, पोटात डिझेलचं इंजिन. निव्वळ हौसेची. आप्पांच्या आईला हे काही केल्या पटेना. “मासं नाय धरीत, मानसं नाय नेत, मंग करते काय?” आप्पा म्हणाले, “फिरते.” “कुठं?” “हितल्या हितं.” म्हातारी म्हणाली, “बरं हाय की मंग.”

साहेब संध्याकाळी बोट फिरवायचा तेव्हा मागच्या बाकावर चहाची किटली घेऊन आप्पा बसलेले असायचे. त्या बोटीत चाकाशेजारी एक डबी होती आणि डबीत आकडे फिरायचे. गाडीचे मैल मोजतात, बोटीचे मोजत नाहीत. इंजिन जितके तास चालेल तितके ही डबी मोजायची. साहेब फिरून आला की आधी डबी बघायचा. इतके तास झाले, तेल बदला. तितके झाले, गाळणी बदला. एकदा मुंबईहून त्याचा कुणी दोस्त आला, त्यानेही बोटीला हात लावायच्या आधी तास विचारले. आप्पांनी यातून एवढंच उचललं, की बोटीची सगळी अब्रू त्या डबीत आहे.

काम संपलं, साहेब मायदेशी निघाला. बोट न्यायची कशी? त्याने ती आप्पांना देऊन टाकली. आप्पा खुशीत यायचं सोडून कावरेबावरे झाले. सायकल मिळाली असती तर मिरवले असते. पण बोट! आमच्या तालुक्यात तोवर कुणा जमीनदाराकडे बोट नव्हती, गावच्या पाटलाकडे नव्हती, ती गेस्ट हाऊसच्या स्वयंपाक्याकडे आली. आप्पांनी ती आमच्या वस्तीखालच्या काठाला आणून बांधली आणि रविवार सुरू झाले.

मी तेव्हा कारखान्याच्या स्टोअरमध्ये नुकताच लागलो होतो. तिथे वरच्या आळीची पोरं असायची. सोमवारी ती हमखास विचारायची, “काय रं, तुमच्या आप्पाची म्हस दूध देते का नाय? बांधून तर लई ठेवलीया.” मी त्यांच्याबरोबर हसायचो. हसलं नाही तर जास्त हसतात, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. पण रविवारी मी नदीकडची वाट टाळायला लागलो. मला त्या बोटीची लाज वाटायची. त्या शर्टाची, त्या बुटांची, ताठ बसण्याची. असा हा शोभेचा माणूस सबंध वस्तीच्या वतीने हसं करून घेतोय असं वाटायचं.

एकदा मात्र राहवलं नाही. आप्पा इंजिन चालू करून बसले होते, मी काठावरून विचारलं, “आप्पा, दावं कवा सोडनार?”

“तास भरू दे.”

“किती भरायचे?”

“साहेबाच्या वेळचे हायत त्याच्यापरीस जास्त झाले पायजेत. माझ्या हातचे.” मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि समजावून सांगितलं. “नवा तवा असतो ना, त्याच्यावर पयली भाकरी चिकटते. मंद आचेवर ठेवायचा, तेल लावायचं, परत ठेवायचा. तवा मुरला की मंग बघायला नको. तसंच हाय हे. मंद आचेवर मुरवतोय. मुरलेलं इंजिन दगा देनार नाय.”

“आनि दिला तर? बंद पडली तर वल्हं मारत यायचं. त्यात काय?”

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला विचारल्याचा पस्तावा झाला.

“पाटलाच्या पोराची फटफटी मागं चिखलात बंद पडली. लोक काय म्हनले?”

“फटफटी बंद पडली म्हनले.”

“आनि माझी बोट मधी बंद पडली तर काय म्हनतील?”

काय म्हणतील ते मला तोंडपाठ होतं, तुम्हालाही असेल. इंजिन फटफटत राहिलं. आप्पांनी झाकणावर हात ठेवला आणि म्हणाले, “चालू दे.”

नदीवर गावाचे दोन घाट होते. वरचा दगडी, पायऱ्यांचा. तो गावाचा. आमचा खाली, म्हशी बसायच्या त्याच्याही खाली, म्हणजे सगळ्यांचं सगळं धुऊन झालेलं पाणी आमच्या वाट्याला. हे माझ्या आजोबांच्या काळचं. माझ्या काळात वस्तीला विहीर होती आणि वरच्या घाटावर आम्हाला कुणी अडवत नव्हतं. कुणी अडवत नव्हतं आणि आम्ही जात नव्हतो. डोह झाल्यावर बोटीने गंमत म्हणून फिरायचं तर खाली लगेच बंधारा, त्यामुळे जायला जागा एकच होती, वरच्या अंगाला, त्या घाटासमोरून.

आप्पांच्या आईने रविवारी बोटीपाशी येऊन बसायचा नेम धरला होता. चिपाडासारखी वाळलेली म्हातारी, पण आवाज असा की पलीकडच्या काठावरची कुत्री उठून बसावीत. दर वेळी तिचं एकच. “मला एकदा फिरीव रं.” आणि आप्पांचं ठरलेलं उत्तर, “फिरवीन आये. तास भरू दे.” म्हातारी म्हणायची, “भर बाबा.” आणि करंजाखाली तंबाखू मळत बसायची. पावसाळा गेला, भात कापून झालं, ती येत राहिली.

मग थंडीतल्या एका रविवारी तिने तंबाखू मळलीच नाही. काठी टेकत आली, दोरखंडाला धरून बोटीत चढली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. मी त्या दिवशी नेमका तिथे होतो.

“आये, उतर.”

“नाय.”

“अजून तास भरलं नायत.”

“तुझं तास भरायच्या आदी मी जायाची. सोड दावं.”

आप्पा माझ्याकडे बघायला लागले, की मी काहीतरी म्हणीन. मी पुढे होऊन करंजाचा दोर सोडला. खुंट्याचा दोर आप्पांनी स्वतः सोडला. गाठ सुटायला वेळ लागला.

बोट काठापासून निघाली. पोरं पाण्याच्या कडेने बोटीबरोबर धावायला लागली. बायका घराबाहेर आल्या. आप्पांनी बोट वरच्या अंगाला वळवली, अगदी साहेब वळवायचा तशी, एका हाताने. पांढरा शर्ट उन्हात झळकत होता. म्हातारीने पदर डोक्यावरून काढून गळ्याभोवती घेतला होता आणि मोठमोठ्याने काहीतरी बोलत होती. आम्हीही काठाकाठाने चालत निघालो. वरच्या घाटावर धुणी चालली होती, पोरं पोहत होती. सगळ्यांनी माना वळवल्या.

घाटासमोर येताच आप्पांनी वेग वाढवला. कुणीही वाढवला असता. इंजिनाने एकदा जोर केला, ओल्या लाकडाच्या चुलीसारखा काळा धूर ओकला, दोनचारदा ठसकलं आणि गप्प झालं.

बोट घाटापासून थोड्याच अंतरावर उभी. आप्पा खाली वाकून हँडल मारायला लागले. हँडल मारलं की इंजिन खोकायचं आणि पुन्हा गप्प. घाटावर पोरं हसायला लागली. हसण्यात फार वाईट काही होतं असं नाही. पाण्यात बोट बंद पडली की कुणीही हसेल, आम्हीही हसलो असतो. पण मग घाटावरून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, “ज्याचं काम त्यालाच जमतं बाबा!” आणि दुसऱ्या कुणीतरी, “चुलीम्होरचा मानूस तो!” आणि आणखी कुणीतरी हळू आवाजात आणखी काही, जे आम्हाला ऐकू आलं नाही पण कळलं. इतके रविवार आप्पांनी इंजिन तापवलं होतं ते हे ऐकावं लागू नये म्हणून. ऐकावं लागलंच. आप्पांनी मान वर केली नाही. नुसता शर्ट दिसत होता, पाठीवर घामाने चिकटलेला.

पाटलांचा धाकटा मुलगा छातीभर पाण्यात शिरला. पोरगा स्वभावाने बरा होता. त्याने बोटीचं नाक धरलं आणि घाटाकडे ओढायला लागला.

“नको!” आप्पा एकदम उभे राहिले. “हितं नको. तिकडं लोटा, आमच्या बाजूला.”

“आवो आप्पा, हितं जवळ हाय की. हितं लावू.”

“नको दादा, हितं नको.” आप्पांनी हात जोडले. पन्नाशीचा माणूस, आपल्या मुलाच्या वयाच्या पोराला दादा म्हणत होता. आणि आम्ही काठावरचे सगळे, मीसुद्धा, हात हलवून ओरडत होतो, “इकडं! इकडं लोटा!” कुणी सांगितलं होतं आम्हाला तसं ओरडायला? कुणीच नाही.

तो पोरगा गोंधळला. बोट घाटाच्या पायरीपासून हातभर अंतरावर. तेवढ्यात म्हातारी बाकावरून उठली.

“बोट कुठं लोटायची तिकडं लोटा. मला हितं उतरीव रं पोरा.”

“आये, बस खाली!” आप्पा म्हणाले.

पाटलांच्या मुलाने हात पुढे केला. म्हातारीने तो धरला आणि पायरीवर पाय ठेवला. हसणं थांबलं होतं. ती पायरीवर बसली, पाय पाण्यात सोडले, चेहऱ्यावर पाणी मारलं, दोन ओंजळी प्यायली. शेजारी धुणं आपटणाऱ्या बाईला म्हणाली, “कुनाची सून गं तू?” बाईने सांगितलं. म्हातारी म्हणाली, “अगं, तुझी आजेसासू मला वळखायची.” मग काठी टेकत पायऱ्या चढली आणि गावातल्या मधल्या रस्त्याने, ओल्या लुगड्याने, घरी आली.

इकडे पाटलांच्या मुलाने आणि दोघाचौघांनी बोट आमच्या बाजूला लोटत आणली. बंद बोटीत आप्पा चाक धरून बसले होते. आम्ही दोर बांधले. ते उतरले आणि कुणाकडे न बघता घरी गेले.

खोपोलीहून एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने इंजिन उघडलं, डबी बघितली, मग पाण्यात वाकून मागचा पंखा बघितला.

“काका, मीटर बघून वाटतं बोट कोचीनला जाऊन आली. आनि पंख्याचा रंगबी गेला नाय. बसल्या जागी चालवली काय?”

आप्पा म्हणाले, “मंद आचेवर ठेवलं व्हतं.”

“ही काय खीर हाय का काका? डिझेलला वझं लागतं. नुसतं गुरगुरत ठेवलं की आत काजळी धरते. त्यात काठाला बांधून चिखलाचं पानी पाजलंत. चालले तर तासात मजा हाय. उभ्या उभ्या भरले ते बी तासच, पन इंजिन खानारे.”

“म्हंजे मीच बिगडवलं.”

मेकॅनिक जरा वरमला. “बिगडवलं असं नाय. साफ करून देतो. आता फिरवा बिनधास्त.”

त्याने साफ करून दिलं. इंजिन पहिल्यापेक्षा गोड वाजायला लागलं. आणि आप्पांनी त्यावर ताडपत्री टाकली. काठाला बांधून चालवणंही बंद. म्हातारी मात्र खुशीत होती. वस्तीत जो भेटेल त्याला वरच्या घाटाच्या पायऱ्या कशा गुळगुळीत आहेत ते सांगायची आणि संध्याकाळी लेकाला विचारायची, “परत कवा?” आप्पा ताटातून मान वर करायचे नाहीत. ती पुढच्या उन्हाळ्यात गेली. इंजिन चांगलं होतं, डिझेल भरलेलं होतं, नदीला पाणी होतं.

तिच्या दिवसांनंतर एकदा आप्पा करंजाखाली बसलेले दिसले. मी जाऊन शेजारी बसलो. ते म्हणाले, “बोट बंद पडली त्याचं नाय रं काय. मशीन हाय, पडतं बंद. मी ‘हितं नको’ म्हनलो ना. कुनी नाय म्हनलं नव्हतं. मीच म्हनलो. आयेच्या म्होरं.” मला सांगायचं होतं, की आम्हीही तेच ओरडत होतो. पण ते त्यांना ठाऊक होतं. एवढं बोलून ते उठले आणि घरी गेले. नंतर कधी तो विषय त्यांनी काढला नाही.

आप्पांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याबद्दल मला शेवटचं आठवतं ते बोट विकली त्या दिवशीचं. ते कारखान्यातून निवृत्त झाले होते. कर्जतकडे बंगला बांधलेला मुंबईचा कुणी हौशी माणूस बोट बघायला आला. सभ्य होता, अहो-जाहो करून बोलत होता. ताडपत्री काढली, त्याने झाकण उघडलं, आप्पांनी हँडल मारलं, इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. मग त्याने चष्मा वर करून डबी वाचली आणि शीळ घातली.

“आजोबा, एवढे तास? हौसेच्या बोटीला एवढे तास म्हणजे फार झाले. कुठे कुठे फिरलात?”

आम्ही दहा-बारा जण बोट टेंपोत चढवायला आलो होतो. आम्हाला वाटलं, आता आप्पा साहेबाची गोष्ट सांगतील, साहेब कसा फिरायचा, किती फिरायचा. ते सांगणं सोपं होतं आणि निम्मं खरंही होतं.

“साहेब फिरला त्याचे तास थोडे हायत,” आप्पा म्हणाले. “मी एकदाच गेलो. आयेला घेऊन. वरच्या घाटापरयंत.”

“आणि बाकीचे तास?”

आप्पांनी इंजिन बंद केलं. फडक्याने हात पुसले.

“बाकीचे तास भीत व्हतो, साहेब.”

तो माणूस हसला. त्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. आम्ही सगळे एकमेकांकडे न बघता वाकलो आणि बोट उचलली.